देवळातील चित्रकथा : पिंगुळीपासून जपानपर्यंत

श्रीदेव रवळनाथाच्या कृपेने आणि आपणां सर्व देणगीदारांच्या हातभाराने आपल्या देवालयाचा जीर्णोद्धार तडीस गेला आहे. या स्मरणिकेसाठी चार ओळी लिहाव्यात, असा समितीचा आग्रह झाला. मी इतिहाससंशोधक नव्हे. तालुका कचेरीत कागद सांभाळणारा एक कारकून आहे. तेव्हा ज्या कलेला आपल्या जुन्या सभामंडपाने जागा दिली, त्या चित्रकथीविषयी वाचून जे जमविले, तेच येथे मांडतो.

लहानपणी आम्ही मुले मंडपात शेणाने सारवलेल्या जमिनीवर बसत असू. पिंगुळीचे चित्रकथी फडक्यात बांधलेली पोथी घेऊन येत. समईच्या उजेडात एकेक चित्र पुढे मांडले जाई. एकजण वीणा छेडीत कथा सांगे, साथीला हुडुक आणि टाळ असत. चित्रातील माणसे बहुधा एका बाजूने काढलेली, डोळे मोठे आणि टपोरे. रावण पुढे आला की आम्ही आईच्या पदराआड लपत असू. अक्षर न येणाऱ्या आमच्या आजीला सारे रामायण पाठ होते, ते या पोथ्यांमुळे.

कुडाळ तालुक्यातील पिंगुळी गावच्या ठाकर समाजाने ही कला जतन केली. सावंतवाडी संस्थानाचा तिला आश्रय होता. एका कथेच्या चित्रांचा संच म्हणजे एक पोथी. दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटविलेली असतात, म्हणजे एक दाखवून झाले की पान उलटून दुसरे दाखविता येते. हाच समाज कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या सावल्यांच्या बाहुल्याही खेळवितो. या घराण्यांपैकी श्री. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली, ही साऱ्या तालुक्याला भूषणावह गोष्ट होय.

ही कला किती जुनी आहे, हे पाहू गेल्यास थक्क व्हावे लागते. सातव्या शतकात बाणभट्टाने ‘हर्षचरित’ लिहिले. त्यात हर्षवर्धन आजारी पित्याच्या भेटीस राजधानीत शिरतो, तेव्हा बाजारात मुलांच्या गराड्यात उभा असलेला एक यमपटवाला त्यास दिसतो. हातातील काडीने तो पटावरील परलोकाची चित्रे दाखवीत असतो. ‘मुद्राराक्षस’ नाटकात चाणक्याचा हेर असाच यमपट घेऊन घरोघर फिरतो. पुढे बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वर राजाने आपल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात चित्रकथकाचा उल्लेख केला आहे.

आणि हे केवळ कोकणातच आहे असे नव्हे. राजस्थानात भोपे लोक पाबूजीची फड, म्हणजे लांबलचक चित्रित कापड, रात्री उभारतात. भोपा रावणहत्था वाजवितो आणि भोपी दिवा धरून त्या त्या चित्रावर उजेड पाडते. बंगालात मेदिनीपूरकडील नया गावचे पटुआ पट उलगडीत गातात. ही मंडळी धर्माने मुसलमान, पण रामकथा गाताना त्यांच्या गळ्यात अंतर पडत नाही.

समुद्रापलीकडे जावा बेटावर याच जातीचा ‘वायांग बेबेर’ नावाचा खेळ आहे. झाडाच्या सालीच्या कागदावर रंगविलेली गुंडाळी दोन काठ्यांमध्ये उलगडतात आणि कथेकरी एकेक प्रसंग सांगत जातो. पंधराव्या शतकाच्या आरंभी चिनी आरमाराबरोबर तेथे गेलेल्या मा हुआन याने हे वर्णन करून ठेविले आहे. भोवती बसलेले लोक कधी हसत, कधी रडत, असे तो लिहितो. सहाशे वर्षांपूर्वीचे ते वर्णन वाचताना मला आपलाच सभामंडप आठवला. जावातील चामड्याच्या बाहुल्यांच्या खेळातही रामायण आणि महाभारत आहे. तेथील बाहुल्यांच्या खेळांस २००३ साली युनेस्कोने गौरविले.

जपानात चित्र दाखवून कथा सांगण्यास ‘एतोकी’ म्हणतात. वाकायामा प्रांतातील दोजोजी मंदिरात आजही पुजारी स्वतः यात्रेकरूंपुढे पट उलगडतात आणि सर्पिणी झालेल्या स्त्रीची कथा रंगवून सांगतात. त्यासाठी पटाची नक्कल वापरतात, जुना पट जपून ठेवला आहे. मला वाटते, कला टिकविण्याचे मर्म यातच आहे. वस्तू पेटीत राहिली तरी चालेल, पण कथा लोकांपुढे झाली पाहिजे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात चित्रकथीची जुनी चित्रे सुरक्षित आहेत, हे चांगलेच. परंतु काचेमागचा रावण कोणत्याही मुलाला आईच्या पदराआड पाठवीत नाही.

आता एक कबुली देतो. मी वीस-बावीस वर्षांचा असताना उत्सवाचा कार्यक्रम ठरविणाऱ्या तरुण मंडळींत होतो. त्या वर्षी आम्ही ऑर्केस्ट्रा आणला. नेहमीप्रमाणे एक वृद्ध चित्रकथी पोथी घेऊन आले. “आजोबा, या वर्षी वेळ नाही,” असे मीच त्यांना सांगितले. ते रागावले नाहीत. “ऱ्हवांदे बाबांनू, फुडच्या वर्सा बगया,” एवढेच म्हणाले, देवाला नमस्कार केला, शिधा घेतला आणि पोथी न सोडताच परत गेले. पुढच्या वर्षी ते आले नाहीत. आम्हीही बोलावणे पाठविले नाही. नाही म्हणावयास मला एक मिनिट लागले. तेवढ्यात आपल्या गावची एक जुनी रीत मोडली.

नवा सभामंडप प्रशस्त झाला आहे. फरशी बसली, वीज आली, देणगीदारांची नावे संगमरवरावर कोरली गेली. ग्रामस्थांस व मानकऱ्यांस माझी हात जोडून विनंती आहे की, उत्सवातील एक रात्र पुन्हा चित्रकथीसाठी राखावी. पिंगुळीस रीतसर बोलावणे पाठवावे, योग्य मानधन द्यावे, आणि त्या वेळेपुरते विजेचे दिवे मालवून समई लावावी. पहिल्या वर्षीच्या खर्चातील माझा वाटा मी समितीकडे जमा केला आहे.

लिहिण्यात काही उणे-अधिक झाले असल्यास सांभाळून घ्यावे. श्रींच्या कृपेने पुढच्या उत्सवात नव्या मंडपात पोथी उघडो, हीच प्रार्थना.