कर्ट फ्लडचा नकार

बेसबॉल हा अमेरिकेचा आवडता खेळ; पण तेथील धंदेवाईक खेळाडूंच्या करारनाम्यांत पूर्वी एक विलक्षण कलम असे. कराराची मुदत संपली, तरी खेळाडूवरील संघाचा हक्क संपत नसे. मालक वाटेल तेव्हां त्याला दुसऱ्या संघाला देऊन टाकी.

१९३८ सालीं जन्मलेला कर्ट फ्लड हा सेंट लुईच्या कार्डिनल्स संघाचा कृष्णवर्णीय खेळाडू. उत्कृष्ट क्षेत्ररक्षणाचा ‘सोनेरी हातमोजा’ त्यानें १९६३ पासून सलग ७ वर्षें मिळविला. अशी १२ वर्षें सेवा झाल्यावर १९६९ च्या ऑक्टोबरांत त्याला फिलाडेल्फियाच्या संघाकडे देण्यांत आलें. त्याचें मत कोणीं विचारलेंहि नाहीं.

नवा संघ वर्षाला एक लाख डॉलर देत होता. फ्लडनें ते नाकारले. आपण खरेदीविक्रीची वस्तु नाहीं, असें बेसबॉलच्या प्रमुखास लिहून तो न्यायालयाची पायरी चढला. त्याच्या बाजूनें साक्ष देण्यास निवृत्त जॅकी रॉबिन्सन आला. खेळत असलेल्यांपैकीं एकहि आला नाहीं. बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायद्यांतून १९२२ पासून मिळालेली सूट विसंगत आहे, हें मान्य करूनहि १९७२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ५ विरुद्ध ३ मतांनीं त्याच्या विरुद्ध निकाल दिला. तोंवर त्याचा खेळ संपला होता.

१९७५ च्या अखेरीस दुसऱ्या दोघां खेळाडूंच्या तंट्यांत लवादानें त्या कलमाचें बळ मोडलें. फ्लड १९९७ त वारला. १९९८ च्या एका कायद्यास त्याचें नांव मिळालें. दावा तो हरला. मोकळे झाले ते त्याच्या मागून आलेले.