काडेपेटीएवढी मोटार आणि तिचा परदेशप्रवास

मंडळी, आपल्या वणीतून बाहेर काय जातं? कोळसा जातो, वॅगनी भरून. कापूस जातो, गाठी आवळून. ह्यांच्यावर ‘जपून हाताळा’ असं कुणी लिहीत नाही. कोळसा फुटला तरी कोळसाच राहतो. पण जिचा एक आरसा तुटला की निम्मं मोल गेलं, अशी वस्तू समुद्रापार पाठवायची तर काय काय लागतं? हा आजचा विषय. उदाहरण घेतलंय खेळण्यातल्या मोटारींचं. विषय पोरकट वाटेल, पण जरा धीर धरा.

इंग्लंडात लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीनं 1934 साली ‘डिंकी’ हे नाव चालवलं. जस्ताचा मिश्रधातू वितळवून साच्यात दाबायचा आणि मोटार काढायची, अशी ती रीत. 1953 मध्ये लेस्नी कंपनीच्या ‘मॅचबॉक्स’ गाड्या आल्या. जॅक ओडेल ह्यांच्या मुलीच्या शाळेत काडेपेटीत मावेल एवढंच खेळणं नेता येई, म्हणून बापानं तेवढा चिमुकला रोडरोलर बनवला, त्यातून हे नाव. 1968 मध्ये अमेरिकेतून ‘हॉट व्हील्स’ आल्या. त्याच सुमारास डिंकीचे काही साचे कलकत्त्याला आले आणि तिथं ‘निकी’ नावानं गाड्या निघू लागल्या. म्हणजे बघा, आधी साचे विलायतेहून इकडे आले. आज त्या साच्यांतल्या गाड्या संग्राहकांकडे उलट दिशेनं जातात.

ही वस्तू धातूची, मग नाजूक कशी? एक कारण पोटातच आहे. जुन्या मिश्रधातूत शिसं मिसळलेलं राहिलं, तर वर्षानुवर्षं आतल्या आत भेगा पडतात. महायुद्धापूर्वीच्या कितीतरी गाड्या कपाटात बसल्याबसल्या भुगा झाल्या. दुसरं कारण बाहेरचं : आरसे, वायपर, उघडणारी दारं. पार्सल एकदा पडतं, पण हादरे वाटभर बसतात. म्हणून जाणती माणसं गाडी आधी मऊ कागदात गुंडाळतात. फुग्यांचं प्लास्टिक थेट रंगाला लावलं तर उष्णतेनं त्याचे ठसे उठतात. मग चाकं हलणार नाहीत अशी बसवायची, मूळ डबा एका खोक्यात, ते खोकं दुसऱ्या मोठ्या खोक्यात, मधे चहूबाजूंनी भरण. शेवटी खोकं कानाशी धरून हलवायचं. आतून आवाज आला, तर पुन्हा उघडायचं. आपल्या पेणचे मूर्तिकार हेच करतात. परदेशातल्या मराठी घरांसाठी त्यांचे गणपती कितीतरी महिने आधी बोटीनं निघतात, आणि तिथंही सोंड आणि बोटं आधी सांभाळावी लागतात.

आता गंमत अशी, की संग्राहकाला गाडीइतकाच तिचा मूळ पुठ्ठ्याचा डबाही हवा असतो. डबा नसेल तर किंमत घसरते. म्हणजे जो राखण करायला होता, त्याचीच राखण करायची! तुपाला भांड्याचा आधार की भांड्याला तुपाचा, हा न्यायशास्त्र्यांवरचा जुना विनोद तुम्ही ऐकला असेल. इथं तो विनोद राहत नाही.

इथपर्यंत सगळं पुठ्ठ्यानं निभतं. पुढे जे आहे ते शब्दांचं.

1874 साली बर्नमध्ये राष्ट्रांनी टपालाचा करार केला. 1876 मध्ये भारत त्यात आला. एका देशाचं टपाल दुसऱ्यानं पोचवायचं, हा विश्वास तिथं कागदावर उतरला. पण पार्सलावर आत काय आहे ते लिहावं लागतं. काय लिहाल, खेळणं की संग्रहवस्तू? जकातीच्या जागतिक वर्गवारीत 9503 ह्या एकाच शीर्षाखाली खेळणी आणि लहान प्रमाणातले नमुने एकत्र बसतात. मालक सत्तरीचा असला तरी फरक नाही. उलट, आपल्याकडे 1 जानेवारी 2021 पासून लागू झालेला खेळण्यांच्या दर्जाचा आदेश 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्याबद्दल बोलतो. एक कायदा वस्तूचा आकार बघतो, दुसरा खेळणाऱ्याचं वय. आणि मोटार तीच!

हा नुसता शब्दच्छल नाही, बरं का. खेळण्यांवरची आयात जकात 2020 मध्ये 20 टक्क्यांवरून 60 झाली, 2023 मध्ये 70. डिसेंबर 2019 मध्ये टपाल-कुरिअरनं येणाऱ्या भेटवस्तूंची सवलत काढली. राखी आणि जीवरक्षक औषधं तेवढी वगळली. 25 ऑगस्ट 2025 पासून अमेरिकेला जाणारी बहुतेक पार्सलं भारतीय टपालानं थांबवली, कारण तिथली 800 डॉलरपर्यंतची करमाफी संपत होती. ऑक्टोबरच्या मध्यात ती पुन्हा सुरू झाली. त्या सात आठवड्यांत कुणाच्याही गाडीचा आरसा तुटला नव्हता, खोकी उत्तम होती. तरी ती जाऊ शकली नाहीत.

आपल्या गावातून कितीतरी मुलं बाहेर गेली. त्यांच्या गाड्या कपाटात आहेत, आईवडील वय झालेले. उद्या हे पाठवायची वेळ येईल तेव्हा माझं सांगणं एवढंच : भरण जेवढ्या काळजीनं घालाल, तेवढ्याच काळजीनं तो कागद भरा. वस्तूचं नाव आणि किंमत खरी लिहा, बांधण्याआधी फोटो काढून ठेवा, त्या देशाचा नियम त्याच आठवड्यात विचारा. किंमत कमी लिहून जकात वाचते, पण पार्सल हरवलं तर भरपाई त्या लिहिलेल्या किमतीपलीकडे जात नाही. आणि आपण खोटं लिहिलं, तर मधल्या ज्या अनोळखी हातांवर विसंबून ती वस्तू सोडली, त्यांच्याकडून खरेपणा कोणत्या तोंडानं मागायचा?

इथं थांबतो. प्रश्न असतील तर विचारा.