हस्तशस्त्रे, वृद्धांच्या आत्मसंरक्षणाची

हस्तशस्त्रे, वृद्धांच्या आत्मसंरक्षणाची : एका हाताने धरून झाडता येणाऱ्या आखूड नळीच्या बंदुकीस हस्तशस्त्र म्हणतात. रिव्हॉल्व्हर व पिस्तूल हे तिचे दोन मुख्य प्रकार होत. कपड्यांआड झाकून बाळगता येणे हे या शस्त्राचे वैशिष्ट्य असल्याने आत्मसंरक्षणासाठी त्यास मागणी असते. वयोवृद्ध आईवडिलांसाठी असे शस्त्र निवडण्याचा प्रश्न वरवर पाहता आकारमान व वजन यांचा वाटतो. भारतात मात्र तो प्रथम कायद्याचा, नंतर शरीरसामर्थ्याचा आणि शेवटी शस्त्राच्या यंत्रणेचा आहे. महाराष्ट्रातील शस्त्र परवान्याच्या इतिहासातून हा क्रम स्पष्ट होतो.

पूर्वपीठिका : झाकून बाळगण्याची शस्त्रे महाराष्ट्रास नवी नाहीत. कट्यार, बिचवा व वाघनख ही शस्त्रे अंगरख्यात वा मुठीत लपविता येत. गुप्ती हे तर हातातील काठीच्या पोटात दडविलेले पाते. काठी टेकीत चालणाऱ्या माणसाजवळ ती असली तरी कोणाच्या ध्यानात येत नसे. आजच्या शस्त्र नियमांच्या अनुसूचीतही काठीत लपविलेल्या तलवारीचा उल्लेख धारदार शस्त्रांच्या वर्गात आढळतो. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत सॅम्युएल कोल्ट याने १८३६ मध्ये रिव्हॉल्व्हरचे एकस्व मिळविले. त्याच शतकाच्या अखेरीस जॉन ब्राउनिंग याच्या रचनेवरून बेल्जियममध्ये ७·६५ मिमी. व्यासाचे स्वयंभरण पिस्तूल तयार होऊ लागले. हे पिस्तूल चपटे व खिशात मावणारे असल्याने त्याचा जगभर प्रसार झाला.

ब्रिटिश काळातील निर्बंध : १८५७ च्या उठावानंतर सरकारने शस्त्रे बाळगण्यावर कायद्याने बंधने घातली. लॉर्ड लिटन याच्या कारकीर्दीत १८७८ चा शस्त्र कायदा संमत झाला. यूरोपीय लोकांना परवान्यातून सूट आणि एतद्देशीयांना मात्र सक्ती, असा वांशिक भेद या कायद्याच्या अंमलबजावणीत होता. राष्ट्रीय सभेने १८८७ च्या मद्रास अधिवेशनात त्याच्या दुरुस्तीची मागणी केली. १९२० च्या नियमांनी वांशिक भेद बऱ्याच अंशी दूर केला, तरी परवान्याची पद्धत कायम राहिली.

लपवून बाळगलेल्या पिस्तुलाचे नाव या काळात क्रांतिकार्याशी जोडले गेले. २२ जून १८९७ च्या रात्री पुण्यात गणेशखिंड रस्त्यावर चिंचवडच्या चापेकर बंधूंनी रँड व आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. २१ डिसेंबर १९०९ रोजी नासिक येथे अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सन याचा ब्राउनिंग पिस्तुलाने वध केला. अशी वीस पिस्तुले लंडनहून गुप्तपणे हिंदुस्थानात आणण्यात आली होती. या घटनांमुळे खाजगी हस्तशस्त्राकडे संशयाने पाहण्याची शासनाची वृत्ती दृढ झाली.

स्वातंत्र्योत्तर कायदा : १९५९ चा शस्त्र कायदा व १९६२ चे शस्त्र नियम १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलात आले. नियमांची जागा पुढे २०१६ च्या नियमांनी घेतली. कायद्यानुसार बंदुकीचा परवाना व्यक्तीस मिळतो, कुटुंबास नाही. सामान्यतः २१ वर्षांखालील व्यक्तीस तो मिळत नाही. वयाची वरची मर्यादा मात्र कायद्याने घातलेली नाही. अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणाने परवाना नाकारता येत नाही. परंतु अर्जदार मनोविकल असल्यास किंवा सार्वजनिक शांततेस धोका असल्यास तो नाकारता येतो. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीने बाळगावयाच्या बंदुकींची संख्या तीनवरून दोनवर आणली आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षांवर नेली. आनंदोत्सवात निष्काळजीपणे गोळीबार करून इतरांची सुरक्षितता धोक्यात आणणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा या दुरुस्तीने ठरविल्या.

मुलाने स्वतःच्या पसंतीने शस्त्र विकत घेऊन वडिलांच्या हाती द्यावे, यास या व्यवस्थेत जागा नाही. अर्ज, वैद्यकीय प्रमाणपत्र, शस्त्र हाताळण्याचे प्रशिक्षण व शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी ही सर्व ज्याचे शस्त्र त्याचीच असावी लागतात. परवानाधारकाच्या समक्ष किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रावर दुसऱ्यास शस्त्र नेता येते. पण तेही दुरुस्ती, परवान्याचे नूतनीकरण किंवा धारकाचा स्वतःचा वापर एवढ्यापुरतेच. म्हातारपणी शस्त्र वडिलांच्या नावावर आणि प्रत्यक्षात मुलाच्या कमरेला, अशी सोय करू पाहणारे कुटुंब गुन्ह्यास पात्र ठरते.

भोसरी परिसर : भोसरी, पिंपरी, चिंचवड व आकुर्डी या गावांची मिळून १९७० मध्ये नगरपालिका झाली व १९८२ मध्ये महानगरपालिका अस्तित्वात आली. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या (स्थापना १९६२) वसाहतीमुळे शेतीचे गाव कारखान्यांचे शहर बनले. जुन्या गावठाणातील वाड्यात शेजारपाजाऱ्यांचा व भाऊबंदांचा राबता असे. नव्या सदनिकांत दिवसभर मुले-सुना कामावर आणि वृद्ध घरी एकटे, हे चित्र दिसू लागले. आत्मसंरक्षणाच्या चिंतेचे मूळ बरेचसे या एकटेपणात आहे.

पोलीस आयुक्तालयाच्या क्षेत्रात परवाना देण्याचा अधिकार पोलीस आयुक्तांना व अन्यत्र जिल्हादंडाधिकाऱ्यांना असतो. भोसरीचा भाग पूर्वी पुणे शहर आयुक्तालयात व चाकणचा पुणे ग्रामीण पोलिसांकडे होता. १५ ऑगस्ट २०१८ रोजी पिंपरी-चिंचवड आयुक्तालय स्थापन झाल्यावर दोन्ही त्यात आले. याच पट्ट्यालगत खडकी येथे १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे. म्हणजे दारूगोळ्याच्या उत्पादनाशी या भूभागाचा संबंध जुना असला, तरी घरातील एका काडतुसाचाही हिशेब परवान्यातील नोंदीशी जुळावा लागतो.

उपलब्ध शस्त्रे : सैन्य व पोलीस वापरतात त्या ९ मिमी. सारख्या व्यासांची हस्तशस्त्रे सामान्य नागरिकास निषिद्ध आहेत. परदेशी शस्त्रांची खाजगी आयात १९८० नंतरच्या दशकात जवळजवळ बंद झाली. त्यामुळे निवड प्रामुख्याने देशी बनावटीच्या ·३२ व ·२२ व्यासांच्या शस्त्रांपुरती उरते. कानपूरच्या आयुध निर्माणीचे ·३२ रिव्हॉल्व्हर सहा काडतुसांचे असून त्याची घडण जुन्या वेब्ली रिव्हॉल्व्हरवर बेतलेली आहे. २०१४ मध्ये आलेले ‘निर्भीक’ सुमारे ५०० ग्रॅम वजनाचे असून ते विशेषतः स्त्रियांसाठी म्हणून पुढे आणले गेले. ‘निडर’ हे इशापूरचे ·२२ रिव्हॉल्व्हर त्याहून हलके आहे. २०२३ मध्ये कानपूरहून आलेल्या ‘प्रबळ’ या ·३२ रिव्हॉल्व्हरचे चक्र कडेला उघडते. ·३२ व्यासाची स्वयंभरण पिस्तुलेही देशात तयार होतात.

वार्धक्य व शस्त्राची यंत्रणा : स्वयंभरण पिस्तुलात पहिले काडतूस नळीत चढविण्यासाठी वरची सरकती पट्टी स्प्रिंगच्या विरोधात जोराने मागे ओढावी लागते. संधिवाताने आखडलेल्या बोटांस हे अवघड जाते. शिवाय काडतुसांची पेटी काढल्यावरही एक काडतूस नळीत उरू शकते. विस्मरणाच्या वयात हा दोष जीवघेणा ठरतो. रिव्हॉल्व्हरची रचना त्यामानाने सुबोध आहे. चक्र उघडताच ते भरलेले की रिकामे हे डोळ्यांना दिसते आणि एखादे काडतूस न उडाल्यास पुन्हा चाप ओढताच पुढचे काडतूस समोर येते. मात्र एकाच ओढीत घोडा उचलून चक्र फिरवावयाचे असल्याने त्याचा चाप जड असतो. अंगठ्याने घोडा आधी चढविल्यास चाप हलका होतो, पण थरथरत्या हातातून अनवधानाने गोळी सुटण्याची भीती वाढते.

वजनाची गोष्टही अशीच दुहेरी आहे. हलके शस्त्र बाळगण्यास सोयीचे असते. परंतु त्याच काडतुसाचा धक्का हलक्या शस्त्रात मनगटास अधिक जाणवतो. आखूड नळीमुळे नेमक्या दोन टोकांमधील अंतर कमी होते व अधू दृष्टीच्या माणसाचा नेम चुकण्याचा संभव वाढतो. म्हणून दुकानातील वर्णनापेक्षा ज्याला शस्त्र वापरावयाचे त्याने प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष झाडून पाहणे हीच निवडीची खरी कसोटी होय. चाप ओढणे, शस्त्र रिकामे करणे व ते रिकामे असल्याची खात्री करणे या तीन गोष्टी जो एकट्याने व बिनचूक करू शकत नाही, त्यास कोणतेही हस्तशस्त्र योग्य नाही.

बाळगणे व वापर : २०१६ च्या नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी हस्तशस्त्र म्यानात वा तत्सम आवरणात पूर्ण झाकलेले आणि धारकाच्या ताब्यात असावे लागते. अमेरिकेत शस्त्र झाकून बाळगणे हा नागरिकाच्या हक्काचा विषय मानला जातो. तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या खटल्यात घराबाहेर शस्त्र बाळगण्याचा हक्क उचलून धरला. ब्रिटनमध्ये याउलट १९९७ च्या कायद्यांनी खाजगी हस्तशस्त्रे जवळजवळ संपुष्टात आणली. भारताने परवान्याचा मधला मार्ग पत्करला असून शस्त्र बाळगणे ही येथे शासनाने दिलेली अनुमती आहे. निवडणुकीच्या काळात छाननी समितीच्या निर्णयानुसार ते पोलिसांकडे जमाही करावे लागते.

आत्मसंरक्षणाचा हक्क मात्र परवान्याहून स्वतंत्र आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील या तरतुदी १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत आहेत. प्राणावर किंवा गंभीर इजेचा प्रसंग आल्यास हल्लेखोराचा मृत्यू घडविण्यापर्यंत हा हक्क पोचतो. परंतु संरक्षणास आवश्यक त्याहून अधिक इजा करता येत नाही आणि सार्वजनिक अधिकाऱ्यांची मदत घेण्यास अवधी असल्यास तो उपलब्ध होत नाही. अंधारात दारी आलेला माणूस चोर की नातू, हे क्षणार्धात ओळखण्याची जबाबदारी शस्त्रधारकावर येते. मंद दृष्टी व कमी ऐकू येणे यांमुळे वृद्धास हा निर्णय सर्वांत कठीण होतो. कुलूपबंद शस्त्र ऐन वेळी हाती येत नाही आणि उशाखालचे शस्त्र नातवंडांच्या किंवा चोराच्याच हाती लागू शकते. ही अडचण कोणत्याही बनावटीने सुटत नाही. वार्धक्यातील नैराश्य व स्मृतिभ्रंश यांत तर घरातील शस्त्र हाच सर्वांत मोठा धोका ठरतो.

शस्त्राचे हस्तांतरण : शस्त्र नियमांनी या वास्तवाची दखल घेतली आहे. परवानाधारकाचे वय ७० वर्षे झाल्यावर किंवा त्याने शस्त्र २५ वर्षे बाळगल्यावर, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा, त्याच्या हयातीतच वारसास त्या शस्त्राचा परवाना मागता येतो. वारसाची पात्रता तपासली जाते आणि दोन शस्त्रांची मर्यादा त्यासही लागू असते. धारकाच्या मृत्यूनंतर शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करणे घरच्यांवर बंधनकारक आहे. त्यामुळे पुष्कळ कुटुंबांत वृद्ध वडिलांसाठी कोणते शस्त्र घ्यावे यापेक्षा त्यांच्याजवळचे शस्त्र केव्हा उतरवून घ्यावे, हाच खरा प्रश्न असतो. ज्या माणसाने अर्धे आयुष्य ते मानाने बाळगले, त्याच्या दृष्टीने तो प्रतिष्ठेचाही असतो. म्हणून हा निर्णय त्याला बाजूस सारून न घेता त्याच्याच संमतीने व वेळेवर घेणे इष्ट असते.

शस्त्राखेरीज अन्य उपायही उपलब्ध आहेत. ज्येष्ठ नागरिकांच्या कल्याणाचा कायदा २००७ मध्ये झाला. संकटप्रसंगी ११२ व ज्येष्ठांच्या अन्य अडचणींसाठी १४५६७ हे दूरध्वनी क्रमांक आहेत. भक्कम दार, बाहेरचे माणूस दिसेल असा झरोका, जिन्यातील दिवा आणि हाकेला ओ देणारा शेजारी यांना परवाना लागत नाही व त्यांपासून अपघातही होत नाही. या व्यवस्थेनंतरही जिवास विशिष्ट व खरा धोका उरत असेल आणि वृद्ध व्यक्तीचे हात, डोळे व चित्त तिच्या स्वाधीन असतील, तरच हस्तशस्त्राच्या निवडीचा विचार सयुक्तिक ठरतो.