तान्ह्या बाळाच्या आतड्यातील वहिवाट

प्रोबायोटिक हा शब्द आज औषधांच्या दुकानांतून, बालरोगतज्ज्ञांच्या चिठ्ठ्यांतून आणि बाटलीबंद पेयांच्या जाहिरातींतून इतका सर्रास ऐकू येतो की, ही कल्पना अलीकडेच एखाद्या कारखान्यात जन्मास आली असावी, असा ग्रह कोणाचाही व्हावा. परंतु उपकारक जंतूंच्या या शास्त्राचे दप्तर उघडले, तर त्याचे पहिले पान सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी युरोपात, अतिसाराने क्षीण होत चाललेल्या तान्ह्या मुलांच्या पाळण्यांशेजारी लिहिले गेल्याचे आढळते. एकोणिसाव्या शतकातील औद्योगिक शहरांत उन्हाळा आला की बालमृत्यूंचे प्रमाण भयंकर वाढे. खेड्यांतून तासन्‌तास प्रवास करून आलेले गाईचे दूध उष्म्याने नासे, ज्या बाटल्यांतून ते पाजले जाई त्यांच्या लांब रबरी नळ्या कधी नीट धुतल्या जात नसत, आणि आई गिरणीत कामावर गेली असता बाळाला दुसरा आधारही नसे. अंगावर पिणारी मुले मात्र त्याच वस्त्यांत, त्याच उकाड्यात, पुष्कळ अधिक प्रमाणात तगून राहत. हा भेद का पडावा, या एका प्रश्नातून पुढचा सारा इतिहास घडला.

त्या प्रश्नाचा शास्त्रीय पाठपुरावा करणाऱ्या आरंभीच्या वैद्यांत थिओडोर एशेरिख यांचे स्थान अग्रभागी आहे. १८५७ साली आन्सबाख या जर्मन गावी जन्मलेल्या या बालवैद्याने १८८४ साली नेपल्समधील पटकीच्या साथीचा अभ्यास केला, आणि म्यूनिच येथे, ज्या विषयाचे नाव काढताच सभ्य माणसांनी नाक मुरडावे तो विषय, म्हणजे तान्ह्या मुलांचा मळ, चिकाटीने सूक्ष्मदर्शकाखाली घातला. नवजात बाळाच्या पहिल्या काळपट मळात त्यांना जंतू आढळले नाहीत. परंतु जन्मानंतर काही तासांतच तेथे जंतूंचे आगमन होते आणि अंगावरचे दूध सुरू झाले की त्यांच्या वस्तीला निश्चित स्वरूप येते, असे त्यांनी पाहिले. १८८५ साली त्यांनी त्यांपैकी एका दंडाकृती जंतूचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यालाच पुढे त्यांच्या स्मरणार्थ ‘एशेरिकिया कोलाय’ हे नाव मिळाले. दुसऱ्याच वर्षी तान्ह्या मुलांच्या आतड्यातील जंतूंवर त्यांचा स्वतंत्र ग्रंथ निघाला. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा आणि पटकीचा जंतू नुकताच दाखवून दिला होता, आणि जंतू म्हणजे शत्रू हे समीकरण वैद्यकात दृढ होत होते. अशा काळी निरोगी बाळाच्या पोटातही जंतूंची कायम वहिवाट असते, हे पुराव्यानिशी मांडणे ही विचाराला नवे वळण देणारी गोष्ट होती.

ही वहिवाट बाळाच्या हिताची आहे काय, याचा निवाडा पॅरिसमध्ये झाला. पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये काम करणाऱ्या आंरी तिसिए यांना अंगावर पिणाऱ्या मुलांच्या मळात एक दुभंगलेल्या टोकाचा, प्राणवायूवाचून वाढणारा जंतू विपुल प्रमाणात आढळला; १९०० सालच्या आपल्या प्रबंधात त्यांनी त्याचे सविस्तर वर्णन केले. आज आपण त्याला बिफिडोबॅक्टेरियम म्हणतो. बाटलीवर वाढणाऱ्या मुलांत त्याचे हे एकछत्री राज्य नव्हते. त्याच वर्षी एशेरिख यांचे शिष्य अर्न्स्ट मोरो यांनी बालमळातूनच ॲसिडोफिलस जातीचा जंतू वेगळा केला. तिसिए तेवढ्यावर थांबले नाहीत. अतिसार झालेल्या मुलांना हितकर जंतूच पोटात देऊन उपद्रवी जंतूंना हुसकावून लावावे, हा उपचार त्यांनी १९०६ च्या सुमारास प्रतिपादिला. प्रोबायोटिक हा शब्द रूढ होण्यापूर्वी कित्येक दशके ती कल्पना अशा रीतीने पूर्णपणे मांडली गेली होती, आणि ती लहान मुलांसाठीच मांडली गेली होती.

लोकांच्या स्मरणात मात्र राहिले ते त्याच संस्थेतील एली मेचनिकॉफ. स्टामेन ग्रिगोरोव्ह या तरुण बल्गेरियन वैद्याने १९०५ साली जिनिव्हा येथे आपल्या देशातील दह्याचा जंतू शोधला होता; मेचनिकॉफ यांनी दह्याचा संबंध दीर्घायुष्याशी जोडला, त्यांना १९०८ साली नोबेल पारितोषिक मिळाले, आणि पाळण्याशेजारी सुरू झालेली चर्चा वार्धक्याच्या चिंतेकडे वळली. या मेचनिकॉफ यांचा मुंबईशी एक दूरचा, परंतु खरा संबंध आहे. १८९६ च्या प्लेगात मुंबईस येऊन ज्यांनी लस तयार केली आणि ती १८९७ च्या जानेवारीत प्रथम स्वतःला टोचून घेतली, ते वाल्डेमार हाफकिन ओडेसा येथे मेचनिकॉफ यांचेच विद्यार्थी होते. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटची आणि दह्याच्या शास्त्राची गुरुपरंपरा अशी एकच ठरते.

आमच्याकडे विरजणाला प्रयोगशाळेची वाट पाहावी लागली नव्हती. चरकसंहितेने ग्रहणी आणि अर्श या विकारांत तक्राची महती सांगितली आहे, आणि पोट बिघडलेल्या मुलाला मऊ भात व ताजे ताक देणारी आजी त्याच परंपरेत उभी आहे. तथापि अभिमानाच्या भरात एक तारतम्य सोडू नये. रोज हाताने लावलेल्या विरजणात जंतूंच्या अनेक जाती असतात, त्या घरागणिक व ऋतूगणिक बदलतात, आणि त्यांपैकी बहुतेक आतड्यात कायम मुक्काम करीत नाहीत. ताक हा उत्तम आहार आहे. पण आहार म्हणजे नेमक्या मात्रेचे औषध नव्हे.

पुढे या विद्येचा व्यापार झाला, तरी त्याचीही सुरुवात मुलांपासूनच झाली. सलोनिकाहून बार्सिलोनास आलेल्या आयझॅक कारासो यांनी १९१९ साली, तेथील मुलांच्या आतड्यांच्या विकारांवर उपाय म्हणून, दही तयार करून औषधांच्या दुकानांतून विकण्यास आरंभ केला आणि आपल्या मुलाच्या लाडक्या नावावरून त्याला ‘दानोन’ हे नाव दिले. जपानमध्ये मिनोरू शिरोता यांनी क्योटो येथे १९३० साली पाचक रसांतून जिवंत पार होणारा एक जंतुवाण निवडून वाढविला. त्याचे ‘याकुल्ट’ हे पेय १९३५ साली बाजारात आले.

परंतु या इतिहासातील सर्वांत हृद्य शोध विसाव्या शतकाच्या मध्यास लागला. हंगेरीत जन्मलेले, अमेरिकेत स्थायिक झालेले बालवैद्य पॉल ग्यॉर्गी यांनी आईच्या दुधात बिफिडस जंतूची वाढ करणारे घटक आहेत, हे दाखविले. हे घटक म्हणजे विशिष्ट संयुक्त शर्करा होत. मातेच्या दुधातील घन द्रव्यांत लॅक्टोज आणि स्निग्धांश यांच्या खालोखाल त्यांचा क्रम लागतो, आणि तरीही बाळाला स्वतःला त्या पचत नाहीत. मग निसर्गाने हा खर्च कोणासाठी मांडला? आतड्यात उतरलेल्या त्या उपकारक वस्तीसाठी. आई आपल्या दुधातून लेकराबरोबर त्याच्या पोटातील रयतेलाही शिधा पाठवते. ती रयत आम्ल निर्माण करून उपद्रवी जंतूंना त्या मुलखात पाय रोवू देत नाही. उन्हाळी अतिसारातून अंगावर पिणारी मुले का वाचत, या जुन्या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग येथे हाती लागला.

आधुनिक काळातील कसोट्यांचा निकाल मिश्र आहे, आणि तो जसा आहे तसाच सांगितला पाहिजे. कोलकात्याच्या एका दाट वस्तीत १ ते ५ वर्षे वयाच्या ३,७५८ मुलांवर झालेल्या अभ्यासात बारा आठवडे प्रोबायोटिक पेय घेणाऱ्यांत अतिसाराचे प्रमाण १४ टक्क्यांनी घटले. ओडिशातील १४९ गावांत ४,५५६ नवजात बालकांना पहिल्या आठवड्यात प्लँटेरम जातीचा एक निवडक वाण आणि त्याचे शर्करारूप खाद्य, किंवा त्याऐवजी निष्क्रिय पूड, देण्यात आली. जंतुदोष व मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण त्या वाणाने ४० टक्क्यांनी कमी झाल्याचे २०१७ साली प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी अमेरिका व कॅनडा येथील दोन मोठ्या अभ्यासांत, तीव्र जुलाब-उलट्यांनी आजारी पडून रुग्णालयात आणलेल्या मुलांना इतर वाण देऊनही काही लाभ दिसला नाही. २०२३ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, अपुऱ्या दिवसांच्या बाळांत हे जिवंत जंतूच गंभीर आजारास कारण होऊ शकतात, असा इशारा दिला.

या सर्व दाखल्यांवरून निष्कर्ष निघतो तो असा की, ‘प्रोबायोटिक’ या एका नावाखाली सरसकट विश्वास ठेवण्याजोगे काही नाही. कोणता वाण, कोणत्या विकारात, कोणत्या वयात, हे तिन्ही तपासल्यावरच त्याची किंमत ठरते, आणि ते तपासण्याचे काम वैद्याचे आहे. जुलाब लागलेल्या मुलाचा जीव प्रथम वाचतो तो मीठ-साखरेच्या पाण्याने. १९७१ साली बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी हे सहस्रावधी रुग्णांत सिद्ध करून दाखविले आहे.

आणि ज्या घरी आज नवे बाळ आले आहे, तेथील वडीलधाऱ्यांना एक विनंती. पहिले पिवळसर, घट्ट चीकदूध जड किंवा अशुद्ध समजून पिळून टाकण्याची आणि त्याऐवजी मध किंवा गुळाचे पाणी चाटविण्याची चाल अजून काही ठिकाणी आहे, ती मोडावी. जन्मानंतर पहिल्या तासात बाळाला अंगावर घ्यावे आणि सहा महिने आईच्या दुधाखेरीज त्याला काहीही देऊ नये. त्याच्या पोटातील हितकर वहिवाट कायम करणारी याहून जुनी आणि अधिक भरवशाची सनद दुसरी नाही.