गोठ्यातून आलेली गोळी

आमच्या वयाच्या पुष्कळ मंडळींच्या डबीत ‘रक्त पातळ करणारी’ गोळी असते. नाव तसे पडले आहे, पण ती रक्त पातळ करत नाही. गुठळी होऊ देत नाही, एवढेच. हीच औषधे कर्करोगही बरा करतात का, असे अधूनमधून कोणी ना कोणी विचारते. म्हणून हा थोडा इतिहास.

१९२०च्या सुमारास अमेरिका-कॅनडात गुरे रक्तस्रावाने मरू लागली. शिंगे कापली की रक्त थांबेना. फ्रँक स्कोफिल्ड या पशुवैद्याने कारण शोधले: स्वीट क्लोव्हर नावाचा, बुरशी लागलेला चारा. पुढे १९३३च्या फेब्रुवारीत, ऐन हिमवादळात, एक शेतकरी मेलेली कालवड आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेले रक्त घेऊन विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल लिंक यांच्या दारी पोचला. १९३९ मध्ये लिंक यांच्या प्रयोगशाळेत त्या चाऱ्यातले द्रव्य हाती लागले. त्याचा भाऊबंद वॉरफरिन १९४८ मध्ये बाजारात आला तो उंदीर मारण्यासाठी! १९५४ पासून ते माणसांना देऊ लागले आणि १९५५ मध्ये हृदयविकाराचा झटका आल्यावर खुद्द राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनाही दिले गेले.

कर्करोगाचा धागा याहून जुना आहे. पॅरिसचे डॉक्टर आर्मां त्रूसो यांनी १८६५ मध्ये सांगितले होते की शिरांत वारंवार गुठळ्या होणे हे आत दडलेल्या कर्करोगाचे लक्षण असू शकते. १८६७ मध्ये स्वतःच्या हातात तसे लक्षण दिसताच त्यांनी आपले भवितव्य ओळखले. त्याच वर्षी ते जठराच्या कर्करोगाने गेले.

रक्तातून प्रवास करणाऱ्या कर्कपेशी बिंबिका आणि गुठळीचे धागे अंगावर पांघरतात व त्या आडोशाने तग धरतात, असे पुढे दिसले. मग हे पांघरूणच काढून घेतले तर? १९६८ मध्ये उंदरांना वॉरफरिन दिले, तेव्हा रोग इतरत्र पसरण्याचे प्रमाण खरोखरच घटले. उंदराचे विष उंदरालाच तारू लागले!

साहजिकच आशा वाढली. १९८१ मध्ये अमेरिकेत एका प्रकारच्या फुप्फुसाच्या कर्करोगात वॉरफरिन घेणाऱ्यांचे मध्यक आयुष्य २४ आठवड्यांवरून ५० वर गेल्याचे प्रसिद्ध झाले. पण रुग्ण होते अवघे ५०. आतडे, प्रोस्टेट वगैरेंच्या कर्करोगात १९८४च्या अहवालानुसार तसा लाभ दिसला नाही. ब्रिटनमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाच्या २,२०२ रुग्णांवर हेपॅरिनच्या जातीच्या औषधाची चाचणी झाली. २०१६चा निष्कर्ष असा, की गुठळ्या कमी झाल्या, रक्तस्राव वाढला, आयुष्य मात्र वाढले नाही.

असे का व्हावे? उंदराला रोग आपणच देतो आणि औषधाची वेळही आपणच ठरवतो. माणसाचा रोग कळतो, तोवर तो अनेकदा आधीच पसरलेला असतो. शिवाय गुठळी थांबवणारे औषध जखमेचे रक्तही थांबू देत नाही, हे त्या गुरांनी आधीच दाखवले होते.

आजही कर्करोगाच्या रुग्णांना ही औषधे देतात, पण ती गुठळ्यांवरचा उपाय म्हणून. शोध चालूच आहे; २०१५ मध्ये उंदरांतील स्वादुपिंडाच्या कर्करोगावर अल्प मात्रेतील वॉरफरिनचा उपयोग दिसला. उंदरांकडून आलेली बातमी आनंदाने वाचावी, पण तिच्या भरवशावर कोणीही आपली गोळी वाढवू, घटवू वा नव्याने सुरू करू नये. ते आपल्या डॉक्टरांवर सोडावे.