कॅराव्हॅनमधील बॅटरी : कप्पा आणि वायुवीजन

मोटरहोम, कॅम्परव्हॅन किंवा गाडीमागे ओढून न्यायची कॅराव्हॅन यांसारख्या राहत्या वाहनात दिवे, पंखे, पाण्याचा पंप, हीटरचा ब्लोअर व फ्रिज चालवण्यासाठी इंजिनच्या बॅटरीव्यतिरिक्त वेगळी बॅटरी असते. अमेरिकेत तिला ‘हाउस बॅटरी’ म्हणतात, तर ब्रिटनमध्ये ‘लेझर बॅटरी’. ही बॅटरी कुठे ठेवावी, कशी जखडावी आणि चार्ज होताना तिच्यातून निघणारा वायू बाहेर कसा काढावा, याचा विचार या नोंदीत केला आहे. साध्या मोटारीत बॅटरी बॉनेटखाली, उघड्या हवेत असते. राहत्या वाहनात मात्र माणसांची झोपायची जागा, गॅसची शेगडी, गॅसवर चालणारा फ्रिज आणि बॅटरी ही सगळी काही मीटरच्या अंतरात येतात. त्यामुळे बॅटरीची जागा हा सोयीचा नव्हे, जिवाचा प्रश्न ठरतो.

शिसे-आम्ल बॅटरी गॅस्ताँ प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1859 मध्ये तयार केली. तिचा पातळ आम्ल असलेला, वरून पाणी घालायचा प्रकार आजही राहत्या वाहनांत वापरला जातो. महाराष्ट्रात घराघरांतल्या इन्व्हर्टरला जोडलेली, अधूनमधून डिस्टिल्ड वॉटर मागणारी ट्यूब्युलर बॅटरी याच जातीची. चार्जिंग संपत आले आणि विद्युतदाब प्रत्येक सेलला साधारण 2.4 व्होल्टच्या, म्हणजे 12 व्होल्टच्या बॅटरीत 14.4 व्होल्टच्या आसपास गेला, की येणारी वीज साठण्याऐवजी आम्लातल्या पाण्याचे विघटन करू लागते. ऋण पट्ट्यांवर हायड्रोजन आणि धन पट्ट्यांवर ऑक्सिजन सुटतो. हायड्रोजनला रंग नाही, वास नाही. हवेत त्याचे प्रमाण 4 टक्के झाले की मिश्रण पेट घेऊ शकते आणि ही पेटती मर्यादा थेट 75 टक्क्यांपर्यंत जाते. ते पेटायला लागणारी ऊर्जा इतकी थोडी असते की स्विचच्या संपर्कातली बारीकशी ठिणगीही पुरते.

हा वायू किती निघतो, याचा हिशेब प्रत्येक वाहनधारकाने एकदा तरी करून पाहावा. पाण्याच्या विघटनात खर्च होणारी एक अँपिअर-तास वीज दर सेलमागे सुमारे 0.42 लिटर हायड्रोजन सोडते. गोल्फ कार्टच्या 6 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून 12 व्होल्ट मिळवण्याची पद्धत अमेरिकेत सर्रास आहे. अशा जोडीत सहा सेल असतात. त्यांना समतोल-चार्जिंग देताना, म्हणजे मागे पडलेल्या सेलना वर आणण्यासाठी मुद्दाम साडेपंधरा-सोळा व्होल्टपर्यंत दाब चढवताना, 5 अँपिअर प्रवाह चालू राहिला, तर तासाला साडेबारा लिटरच्या पुढे हायड्रोजन बाहेर पडतो. कप्प्यातली मोकळी जागा 50 लिटर असेल आणि तो चारही बाजूंनी बंद असेल, तर धोक्याची पातळी दहा मिनिटांच्या आतच गाठली जाते. तेच प्रमाण 1 टक्क्याखाली ठेवायला तासाला सुमारे सव्वा घनमीटर हवा लागते. बंद कप्प्याला ती कधीच मिळत नाही. पण वर-खाली योग्य वाट ठेवली, तर पंख्याशिवायही ती सहज मिळू शकते.

वायुवीजनाचा सगळा मुद्दा या वाटेत आहे. नुसते भोक पाडून भागत नाही. हायड्रोजन हवेच्या सुमारे चौदापट हलका असल्याने तो झाकणाखाली साचतो. म्हणून बाहेर पडायची वाट कप्प्याच्या अगदी माथ्याशी हवी आणि त्याची जागा घ्यायला ताजी हवा तळाशी आत यायला हवी. अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत संहितेच्या कलम 551 मध्ये हे अनेक आवृत्त्यांत नेमकेपणाने सांगितले आहे : कप्प्याला वर आणि खाली प्रत्येकी किमान 1,100 चौ. मिमी.चे छिद्र हवे. गोल धरले तर त्याचा व्यास जेमतेम पावणेचार सेंमी. भरतो. वायुवीजनाची सोय दारातच असेल, तर छिद्रे दाराच्या वरच्या व खालच्या कडेपासून 50 मिमी.च्या आत असावीत. त्याच कलमातली याहून महत्त्वाची अट अशी की, कप्पा बाहेरच्या हवेला उघडा आणि राहत्या भागाच्या बाजूने बाष्पबंद असावा. ठिणगी किंवा ज्योत निर्माण करणारे उपकरण त्या कप्प्यात असू नये. छिद्राच्या आकारावर वाहनधारक पुष्कळ खल करतात, पण आतल्या भिंतीतून वायर जाण्यासाठी पाडलेले आणि न बुजवलेले भोक त्यांच्या लक्षात येत नाही. गाडी थांबवून आतला पंखा बाहेर हवा फेकू लागला, की राहत्या भागातला दाब किंचित कमी होतो आणि कप्प्यातली हवा त्याच भोकातून बिछान्याकडे ओढली जाते. अशी प्रत्येक वायर रबरी ग्रोमेटमधून न्यावी आणि भोवतालची फट सीलंटने बुजवावी.

ओढून न्यायच्या कॅराव्हॅनमध्ये बॅटरी बहुधा पुढच्या दांड्यावर, झाकणाला फटी असलेल्या प्लास्टिकच्या खोक्यात ठेवतात. तिला उघडी हवा मिळते, ही चांगलीच गोष्ट. मात्र स्वयंपाकाच्या गॅसचे सिलिंडरही तिथेच शेजारी असतात. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने त्याच्या कप्प्याला तळाशी वाट लागते, हायड्रोजनला माथ्याशी. या दोन्ही वायूंसाठी एकच पेटी करण्याचा मोह होतो, पण तो टाळायलाच हवा. गळालेला गॅस आणि बॅटरीच्या टोकावरची ठिणगी यांची गाठ पडू नये म्हणून मधली भिंत अखंड ठेवावी.

बॅटरी राहत्या भागात, पलंगाखाली किंवा सामानाच्या कप्प्यात बसवणे भाग असेल, तर पातळ आम्लाच्या बॅटरीला गॅस्केटचे झाकण असलेली पेटी आणि तिच्यातून बाहेर जाणाऱ्या दोन नळ्या लागतात. वरची नळी झाकणाच्या सर्वांत उंच जागेतून निघून सतत चढत बाहेर जावी. मध्ये झोळ पडला तर चार्जिंगच्या वाफेचे पाणी तिथे साचते आणि नळीच बंद होते. पंखा बसवायचाच तर तो आत येणाऱ्या हवेच्या बाजूला बसवावा, म्हणजे हायड्रोजन त्याच्या मोटारीतून जाणार नाही. बाहेरच्या तोंडाला जाळी हवी, पण जाळी लावली म्हणून निर्धास्त होऊ नये : अमेरिकेत कुंभारमाश्या अशा नळ्यांत चिखलाचे घरटे बांधून वाट पार बुजवतात. हंगामाच्या सुरुवातीला नळीतून फुंकर मारून हवा जाते का ते बघावे. तोंड खिडकीजवळ किंवा फ्रिजच्या बर्नरच्या जाळीजवळ काढू नये.

पेटी आम्लाला दाद न देणाऱ्या पॉलिप्रॉपिलीनची असावी. पत्र्याची असेल तर आतून तसला ट्रे ठेवावा. एरवी आम्लाच्या तुषारांनी पत्रा, बोल्ट आणि खालची चॅसीही गंजते. 6 व्होल्टच्या एका बॅटरीचे वजन 28 किलोच्या आसपास असते. गचका बसला किंवा वाहन उलटले तर ती जागची हलता कामा नये, म्हणून पट्टा किंवा पट्टी लाकडी फळीला न जखडता चॅसीशी जोडलेल्या आधाराला जखडावी. धातूची पट्टी टोकांवरून गेली, तर तीच शॉर्टसर्किटचे कारण ठरते. धन टोकावर रबरी टोपी असावी आणि मुख्य फ्यूज त्या टोकाच्या शक्य तितका जवळ, 45 सेंमी.च्या आत असावा. चार्जर, रिले आणि इन्व्हर्टर मात्र याच कप्प्यात बसवू नयेत, कारण ठिणगीचा संभव त्यांच्यातच असतो. तार छोटी राहावी म्हणून हे नेहमी केले जाते. तार थोडी लांब आणि जाड घेतली की तो प्रश्न मिटतो.

एजीएम आणि जेल या प्रकारांत आम्ल काचेच्या तंतूंच्या चटईत किंवा लगद्यात बांधलेले असते आणि बहुतेक ऑक्सिजन व हायड्रोजन आतच पुन्हा पाणी होतो. त्यांना ‘सीलबंद’ म्हणतात, पण त्यांच्यावर झडप असते. चार्जर बिघडून दाब वाढला की ती उघडते आणि हायड्रोजन बाहेर येतो. म्हणून त्यांनाही हवाबंद पेटीत कोंडू नये. युरोपात पुढच्या सीटखाली बसवलेल्या बॅटऱ्यांना कोपऱ्यात वायू-नलिकेचे तोंड असते आणि तिथून बारीक नळी फरशीतून खाली जाते. बॅटरी बदलताना ही नळी लटकतीच सोडून देणे, किंवा दुसऱ्या टोकाच्या भोकाला बूच न लावणे, या चुका गॅरेजमध्येही होतात.

लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटरीने हा हिशेब बदलला आहे. पाधी, नंजुंडस्वामी व गुडइनफ यांनी 1997 मध्ये मांडलेल्या या रसायनात नेहमीच्या चार्जिंगला वायू सुटत नाही. उलट गोठणबिंदूखाली ती चार्ज केली तर ऋण पट्टीवर धातूरूप लिथियम चढून बॅटरी कायमची बिघडते. त्यामुळे थंड प्रदेशांत ती उबेला, आतच ठेवतात. पण सेल बिघडून अनावर तापला, तर त्यातूनही हायड्रोजन आणि इलेक्ट्रोलाइटची ज्वलनशील, विषारी वाफ बाहेर पडते. तिच्यासाठी बाहेरून उघडणारा, आतून इन्सुलेशन लावलेला आणि राहत्या भागापासून तोडलेला कप्पा हाच अधिक शहाणपणाचा. पलंगाखालची मोकळी जागा नव्हे. शॉर्टसर्किट झाल्यास ही बॅटरी हजारो अँपिअर प्रवाह देऊ शकते, म्हणून तिला 20,000 अँपिअरपर्यंतचा प्रवाह तोडू शकणारा ‘क्लास टी’ फ्यूज लावतात. विजेवरच्या मोटारींचे जुने निकेल-मँगनीज-कोबाल्ट पॅक काही हौशी लोक घरच्या घरी कॅम्परमध्ये बसवतात. ते कमी तापमानाला अनावर होतात आणि अधिक भडकतात. झोपायच्या जागेत त्यांना थारा नसावा. बॅटरीचा प्रकार बदलला की कप्पा, फ्यूज आणि चार्जरची सेटिंग्ज ही तिन्ही नव्याने तपासावी लागतात.

उष्ण हवेत पातळ आम्लाची बॅटरी कमी दाबालाच वायू सोडू लागते. म्हणून दर अंश सेल्सिअसमागे प्रत्येक सेलचा चार्जिंगचा दाब 3 ते 5 मिलिव्होल्टने कमी करणारा आणि तापमान-संवेदक असलेला चार्जर घ्यावा. संवेदकाची तार बॅटरीच्या अंगालाच लावलेली हवी. महाराष्ट्र शासनाने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. विदर्भाच्या उन्हाळ्यात उभ्या राहणाऱ्या वाहनाला थंड देशातल्या सेटिंग्ज तशाच चालणार नाहीत.

सडलेल्या अंड्यासारखा वास हा तापलेल्या, अतिचार्ज झालेल्या शिसे-आम्ल बॅटरीतून निघणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडचा असतो आणि तो वायू विषारी आहे. वाहनातला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही हायड्रोजनने वाजू शकतो. रात्री तो वाजला आणि शेगडी व हीटर बंद असले, तर बॅटरीचा संशय घ्यावा. मात्र त्याला खोटा समजून आवाज बंद करू नये. आधी सगळ्यांनी बाहेर यावे, दारे उघडावीत, बाहेरून लावलेली वीज असेल तर तिचा प्लग खांबावरच्या ब्रेकरने बंद करून मग काढावा. कप्पा उघडून काही मिनिटे हवा खेळू द्यावी आणि त्यानंतर, डोळ्यांवर गॉगल चढवून, पाने घेऊन आधी ऋण टोक सोडवावे. आम्ल सांडले असेल तर त्यावर खाण्याचा सोडा घालून फेस थांबेपर्यंत थांबावे. तो सोडा सेलच्या झाकणातून आत जाऊ देऊ नये.