पगडीपासून पायताणापर्यंत

'वर्दी' या शब्दाने आम्हां इंदूरकर मराठी माणसांची नेहमीच थोडी गंमत केली आहे. पुण्याकडील आप्त वर्दी म्हणत ते पोलीस ठाण्यात द्यावयाच्या खबरेला. आम्ही म्हणत असू ते पोलिसाच्या अंगावरील कपड्यांना. अलीकडे हा दुसरा अर्थही महाराष्ट्रात सर्रास रूढ झाला आहे. विचार करता दोन्ही अर्थ एकमेकांपासून फार दूर नाहीत. अंगावरची वर्दी हीसुद्धा एक खबरच असते. राज्यसत्ता येथे उभी आहे, ही. मात्र ही खबर आजवर बहुधा डोक्याकडून आणि रंगाकडून दिली गेली. पायांची आठवण सरकारला नेहमी सर्वांत शेवटी झाली. सरकारी नोकरीत निम्म्याहून अधिक आयुष्य घालविल्यामुळे आम्हांला या शेवटच्या गोष्टीविषयी विशेष कुतूहल आहे.

पेशवाईत पुण्याला कोतवाली होती. १७९१ मध्ये लोकक्षोभात मारला गेलेला घाशीराम हा तेथील सर्वांत कुप्रसिद्ध कोतवाल. पण कोतवालीच्या शिपायांना आजच्या अर्थाने एकसारखा गणवेश नव्हता. गावोगावचे रामोशी आणि जागले तर काठी, घोंगडी आणि पायांतल्या वहाणा एवढ्यावरच रात्र जागवीत. अधिकाराची खूण म्हणून असे ती कमरेला वा खांद्यावरून घेतलेला पट्टा आणि त्यावरील पितळी चकती. त्या चकतीला 'चपरास' म्हणत; ती बाळगणारा तो चपराशी, आणि पट्टा बाळगणारा तो पट्टेवाला. कचेरीत चहा आणून देणाऱ्या माणसाच्या नावात जुन्या राजदंडाचा एवढा अवशेष शिल्लक राहिला आहे, हे फार थोड्यांच्या ध्यानात येते.

इंग्रजांना गणवेशाचे महत्त्व पुरेपूर कळत होते. तरीही त्यांना पहिली ठेच लागली ती या देशातच, आणि तीही डोक्यावरून. १८०५ च्या अखेरीस मद्रास इलाख्याचे सरसेनापती सर जॉन क्रॅडक यांच्या हुकुमाने देशी शिपायांसाठी नव्या घाटाचे पागोटे ठरले. त्यावर चामड्याचा तुरा होता. गणवेशात असताना कपाळावर गंध नको, कानांत बाळ्या नकोत आणि दाढी नको, असेही बंधन आले. १० जुलै १८०६ रोजी वेलोरच्या किल्ल्यातील शिपाई उठले आणि पहाटेच्या अंधारात गोऱ्या पलटणीची कत्तल झाली. बंड काही तासांत मोडले. पण त्यापायी खुद्द क्रॅडक आणि गव्हर्नर लॉर्ड विल्यम बेंटिंक या दोघांनाही परत बोलावले गेले. वेलोरचे शिपाई लष्करी होते, पोलीस नव्हेत, हे खरे. तथापि हिंदी माणसाच्या डोक्याला हात लावताना दहा वेळा विचार करावा, हा धडा पुढच्या राज्यकर्त्यांनी गिरवला. पायांच्या बाबतीत असा धडा कोणी शिकविला नाही, कारण पायांसाठी कोणी बंड केले नाही.

लंडन शहरात सर रॉबर्ट पील यांनी १८२९ मध्ये नवे पोलीस दल उभे केले, तेव्हा प्रश्न निराळा होता. तेथील लोकांना रस्त्यावर सैनिक नको होते. सैनिकाचा डगला लाल, म्हणून पोलिसाचा निळा ठरला. सैनिकाचे शिरस्त्राण टाळून साध्या नागरिकासारखी उंच टोपी दिली गेली. म्हणजे 'हा तुमच्यातलाच माणूस आहे' असे कपड्याने सांगावयाचे होते. हिंदुस्थानात त्याच राज्यकर्त्यांनी नेमके उलट केले, असे आमचे मत आहे. १८६१ च्या पोलीस कायद्यानंतर येथे जे दल वाढले, त्याच्या अंगावर हळूहळू पलटणीची छाप बसत गेली. कवायत, पट्टा, पितळी बिल्ले आणि अखेर पलटणीचाच रंग.

तो रंग म्हणजे खाकी. खाक म्हणजे धूळ. १८४६ मध्ये पेशावर येथे हॅरी लम्सडेन याने 'गाइड्स' नावाचे पथक उभारले, आणि त्या पथकाने सरहद्दीच्या मातीत मिसळून जाईल असा हा रंग प्रथम अंगावर घेतला. याच रंगाची दुसरी एक कथा आपल्या सीमाभागाच्या अधिक जवळची आहे. धारवाड-हुबळीकडील वाचकांना बासेल मिशन तेथील जुन्या शाळांमुळे परिचित असेल. त्याच मिशनच्या मंगळूर येथील विणकामशाळेत हालर नावाच्या विणकराने १८५० नंतरच्या काळात खाकी रंगाची एक कृती बसविली आणि तेथील पोलिसांनी ते कापड स्वीकारले, असे सांगितले जाते. सुरुवातीचा खाकी धुण्यात टिकत नसे. एका पथकातील दहा शिपाई दहा छटांचे दिसत. १८८४ च्या सुमारास इंग्लंडमध्ये पक्क्या रंगाची युक्ती साधली आणि मग खाकीचा विजय निश्चित झाला. धूळ लपविणारा, कमी धुवावा लागणारा, स्वस्त कापडावर बसणारा असा हा रंग असल्याने खजिन्याच्या दृष्टीनेही तो सोयीचा होता. कोलकाता शहराच्या पोलिसांनी मात्र पांढरा सोडला नाही, आणि पुदुच्चेरीच्या शिपायाच्या डोक्यावर फ्रेंच अमदानीतील लाल टोपी राहिली.

मुंबईने खाकीला दीर्घकाळ दाद दिली नाही. गडद निळा पोशाख आणि पिवळी पगडी, पुढे पिवळी चपटी टोपी, हा मुंबईच्या शिपायाचा थाट स्वातंत्र्यानंतरही अनेक वर्षे टिकला. आमच्या पिढीतील ज्यांचे आजोळ गिरगाव-दादरला होते, त्यांना ही टोपी लख्ख आठवत असेल. परंतु टोपीवरून नजर खाली नेली की थाट गुडघ्यापाशी संपे. खाली अर्धी विजार, उघड्या पोटऱ्या आणि पायांत चपला. १९३० च्या कायदेभंगाच्या दिवसांतील छायाचित्रे पाहावीत. सत्याग्रह्यांवर लाठी उगारणारा शिपाई चपलेत आहे, आणि त्याच्यामागे उभा असलेला गोरा सार्जंट बुटांत. लाठी मारणारा आणि मारावयास सांगणारा यांच्यातील अंतर त्या छायाचित्रांत जमिनीपासून मोजता येते.

चपलेत मुळातच काही कमीपणा आहे, असे आम्हांला सुचवावयाचे नाही. वायव्य सरहद्दीवरील स्काउट पथके पठाणी चपलीच वापरीत आणि त्या चपलीवर डोंगर असे चढत की बूटवाल्या पलटणी मागे राहत. त्यांचे गोरे अधिकारीही तीच चपली घालीत. तेथे चपली ही त्या प्रदेशाची विद्या होती. मुंबईत ती काटकसर होती, कारण अधिकारी ती घालीत नव्हता. सर अँड्र्यू फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालील पोलीस आयोगाने १९०२-०३ मध्ये शिपायाचा पगार कोणत्याही प्रांतात दरमहा आठ रुपयांहून कमी नसावा, अशी शिफारस केली. यावरून त्यापूर्वी तो किती असेल याची कल्पना यावी. अशा माणसाला चांगला बूट कोण देणार!

जिल्ह्यांच्या पोलिसांत पायाला बूट आणि पोटरीला पट्ट्या आल्या. डोंगरी लोकांची पायाला कापड गुंडाळण्याची पद्धत इंग्रजी लष्कराने उचलली आणि आमचाच 'पट्टी' शब्द त्यांच्या कोशात नेऊन ठेवला. गुंडाळी सैल झाली तर ती कवायतीत सुटून शोभा होई. आवळली तर पोटरीला मुंग्या येत. नाल आणि खिळे ठोकलेला लष्करी बूट संचलनात उत्तम वाजे. रात्रीच्या गस्तीत तो चोराला आधीच वर्दी देई, आणि ती पुणेरी अर्थाने! साध्या वेशातल्या पोलिसाचेही तेच. अंगात धोतर-सदरा असला तरी पायांत सरकारी बूट, त्यामुळे बेचाळीसच्या दिवसांत हा माणूस कोठून आला आहे हे गल्लीतली पोरेसुद्धा ओळखीत, असे आमच्या घरातील वडीलधारी मंडळी हसत हसत सांगत.

स्वातंत्र्यानंतर अर्धी विजार गेली, पूर्ण आली. पन्नाशीच्या हवालदाराला शाळकरी पोराच्या विजारीतून सोडविले, हे फार चांगले झाले. पण पायांतील उतरंड शाबूत राहिली. बहुतेक राज्यांत फौजदार आणि त्यावरील अधिकारी यांचा बूट तपकिरी, आणि हवालदार-शिपाई यांचा काळा. अधिकाऱ्याच्या तपकिरी पट्ट्याला ज्या सॅम ब्राउनचे नाव आहे, त्या सेनानीचा डावा हात १८५८ च्या लढाईत तुटला होता आणि तलवार सावरण्यासाठी त्याने ती खांद्यावरून जाणारी वादी योजली, असे मानतात. एका हाताच्या माणसाची ही सोय दोन्ही हात धड असणाऱ्यांचे भूषण होऊन बसली. गणवेशाच्या इतिहासात अशी उदाहरणे पुष्कळ आहेत.

महिला पोलिसांच्या पायांचा प्रश्न तर बराच काळ कोणाच्या मनातही आला नाही. देशातील पहिले महिला पोलीस ठाणे १९७३ मध्ये कोळिकोड येथे सुरू झाले. त्यानंतरही कित्येक वर्षे अनेक ठिकाणी खाकी साडी नेसूनच बंदोबस्त चाले. एका जिल्ह्यात बूट-खरेदीची नस्ती आमच्या टेबलावरून गेली होती. तीत मापे होती ती सर्व पुरुषांची. महिला शिपायांसाठी काय करावयाचे, तर 'लहानातले लहान माप द्यावे' असा शेरा होता. दर सर्वांत कमी ज्याचा, त्याचा माल घ्यावयाचा हा नियम. पायाच्या रुंदीला त्या तक्त्यात रकानाच नव्हता. पुढे अनेक राज्यांनी कापड-बूट देण्याऐवजी रोख भत्ता देण्यास आरंभ केला. तो आम्हांला योग्य वाटतो. निदान जोडा पायात घालून पाहून घेता येतो.

२०१६ च्या सिंहस्थात आम्ही उज्जैनला नागरी व्यवस्थेच्या कामावर होतो. ५ मे रोजी वादळी पाऊस आला, मंडप कोसळले, माणसे दगावली, आणि मेळ्याच्या सगळ्या वाटांचा चिखल झाला. त्यानंतर दोन दिवसांनी रामघाटाकडे जाणाऱ्या अडथळ्यापाशी एक शिपाई उभा दिसला. टोपी, बिल्ला, शिट्टीची दोरी, सारे जागच्या जागी. पायांत मात्र निळ्या पट्ट्यांच्या रबरी चपला. आम्हांला पाहताच त्याने पाय वाळूच्या पोत्यामागे घेतले. "साहब, जूते परसों से गीले हैं," एवढेच तो म्हणाला. बूट मागे तंबूच्या दोरीला टांगलेले होते आणि आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबलेले होते. त्याच्या बोटांमधली कातडी पांढरी पडून सोलली होती. आम्ही त्याचे वरिष्ठ नव्हतो, म्हणून त्याला रागावण्याचा किंवा सूट देण्याचा अधिकार आम्हांला नव्हता. दिवसभरात त्या अडथळ्यावरून किती अधिकारी गेले असतील आणि प्रत्येक वेळी ते पाय पोत्यामागे गेले असतील, हे मात्र मनात आले.

मधल्या काळात गणवेशावर बोलणे पुष्कळ झाले. २०२२ च्या ऑक्टोबरात सूरजकुंड येथील बैठकीत पंतप्रधानांनी देशभरच्या पोलिसांना एकच गणवेश असावा, ही कल्पना विचारार्थ मांडली. बेळगावकरांच्या डोळ्यांसमोरची, एका बाजूने दुमडलेली कर्नाटकी शिपायाची टोपी २०२५ मध्ये गेली आणि गडद निळी टोपी आली. म्हणजे पुन्हा रंग आणि पुन्हा डोके.

पायांची दखल घेतल्याचे एक अलीकडचे उदाहरण आम्हांला सापडते ते काशीचे, आणि ते आम्हां होळकरी मुलखातल्या माणसांच्या जिव्हाळ्याचे आहे. अहिल्याबाईंनी १७८० मध्ये उभारलेल्या विश्वनाथाच्या मंदिराभोवती आता विस्तीर्ण धाम झाले आहे. तेथे कातडी अथवा रबरी पादत्राणास मज्जाव असल्याने पुजारी, सेवेकरी, सफाई कामगार आणि पहाऱ्यावरील सुरक्षारक्षक हे सारे गंगेकाठच्या थंडीत दगडी फरशीवर अनवाणी काम करीत. शबरीमलाच्या अठरा पायऱ्यांवर उभे राहणारे पोलीसही अनवाणीच असतात. पण ती केरळची हवा, पौषातली काशी नव्हे. २०२२ च्या जानेवारीत पंतप्रधानांकडून तेथे शंभर जोड पादत्राणे पाठविण्यात आली. ती तागाची होती. कातडे नाही, रबर नाही, नालही नाहीत. ती घालून फरशीवर चालले तर आवाज होत नाही.